बागेतल्या हवामान केंद्रांसाठी कोणती भाषा: पायथन, गो, रस्ट की जावा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवगड आणि राजापूर तालुक्यांतील आंबा बागांमध्ये ४० छोटी हवामान केंद्रे बसवली आहेत. प्रत्येक केंद्र दर दहा मिनिटांनी तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानांवरील ओलावा यांची नोंद पाठवते. या नोंदी सहा गावांत ठेवलेल्या ५१२ एमबी मेमरीच्या छोट्या संगणकांवर जमा होतात आणि तेथून बागायतदारांच्या संस्थेच्या कार्यालयात जातात. प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिलेला आहे. प्रश्नकर्त्याच्या तीन तक्रारी आहेत: वीज गेली की नोंदींची फाइल बिघडते, सहा ठिकाणी नवी आवृत्ती बसवण्यात दोन-दोन दिवस जातात, आणि एखादे केंद्र बंद पडले की सगळा प्रोग्रॅम अडकून राहतो. मित्रांनी सगळे रस्टमध्ये नव्याने लिहिण्याचा सल्ला दिला आहे. हाताशी महाविद्यालयात शिकणारे दोन विद्यार्थी आहेत. अशा स्थितीत रस्ट, गो की जावा घ्यावी, की पायथनवरच राहावे?

माझे मत आधी सांगतो आणि कारणे नंतर मांडतो. गावांतल्या सहा संगणकांवरचा नोंदी गोळा करणारा भाग गोमध्ये लिहावा, कार्यालयातले विश्लेषण पायथनमध्येच ठेवावे आणि केंद्रांच्या आतली सी भाषा आहे तशीच राहू द्यावी. रस्ट ही उत्तम भाषा आहे, पण तुमच्या कामाची जी खरी अडचण आहे ती सोडवण्यासाठी तिची किंमत मोजावी लागत नाही. मी २२ वर्षे हे काम करतो आहे, त्यांपैकी निम्मी पुण्यात आणि निम्मी रत्नागिरीत गेली. भाषा निवडताना मी आता सर्वांत आधी एकच गोष्ट विचारतो: जुलै महिन्यात, रस्ता पाण्याखाली असताना, हे यंत्र बिघडले तर ते कोण दुरुस्त करणार आणि त्या माणसाला काय काय माहीत असावे लागणार?

तुमच्या तीन तक्रारी मात्र एकाच मुळातून आलेल्या नाहीत, म्हणून त्या वेगळ्या केल्या पाहिजेत. वीज गेल्यावर फाइल बिघडणे हा पायथनचा दोष नाही आणि भाषा बदलल्याने तो जाणारही नाही. प्रोग्रॅमने फाइलमध्ये ओळ लिहिली, म्हणजे ती मेमरी कार्डावर पोचली असे होत नाही. ऑपरेटिंग सिस्टीम ती काही काळ स्वतःजवळ मेमरीत ठेवते आणि सवडीने कार्डावर उतरवते. नेमकी त्या वेळात वीज गेली तर शेवटच्या नोंदी हरवतात किंवा अर्धवट उतरतात. साध्या मजकूर फाइलला ओळी जोडत जाण्याऐवजी एसक्यूलाइट हा एका फाइलीत मावणारा छोटा डेटाबेस वापरा, त्यातील वॉल पद्धत (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवणारी) चालू करा आणि सिंक्रोनसची, म्हणजे नोंद कार्डावर उतरल्याची खात्री करण्याची, पातळी ‘फुल’ ठेवा. ‘नॉर्मल’ पातळीवर डेटाबेस बिघडत नाही, पण वीज जाताना शेवटचे काही व्यवहार हरवू शकतात, आणि तुम्हाला तेही परवडणारे नाही. शिवाय संगणकाच्या प्रत्येक पेटीत छोटी बॅटरी ठेवा, म्हणजे वीज गेल्याचे कळताच यंत्राला नीट बंद होण्याइतका वेळ मिळेल. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागातील कित्येक गावे अनेक दिवस अंधारात होती, हे आपण पाहिलेले आहे. किनारपट्टीवर वीज जाणे हा नेहमीचा प्रसंग धरूनच प्रोग्रॅमची रचना केली पाहिजे.

तिसरी तक्रार, म्हणजे एका केंद्रामुळे सगळा प्रोग्रॅम अडकणे, हीसुद्धा रचनेचीच आहे. तुमचा प्रोग्रॅम केंद्रांना एकामागून एक विचारत जातो आणि उत्तराची वाट पाहताना मुदत घालत नाही. पायथनची बरीच मंडळी वापरतात ती रिक्वेस्ट्स लायब्ररी (नेटवर्कवरून विचारणा करणारा तयार कोड) मुदत सांगितल्याशिवाय अनिश्चित काळ थांबून राहते, आणि गोमधला हेच काम करणारा, आपोआप मिळणारा एचटीटीपी क्लायंटही तसाच वागतो. तेव्हा मुदत लिहिण्याची सवय दोन्हीकडे लागते. फरक पडतो तो पुढच्या पायरीवर. गोमध्ये प्रत्येक केंद्रासाठी एक गोरूटीन, म्हणजे स्वतंत्रपणे चालणारे हलके काम, चालवता येते. तिची सुरुवात सुमारे दोन केबीच्या स्टॅकने (कामापुरत्या मेमरीने) होते, त्यामुळे ४० काय, ४० हजार गोरूटीनसुद्धा सामान्य यंत्रावर मावतात, आणि आतला कोड मात्र वरून खाली सरळ वाचता येतो. पायथनमध्ये हेच काम थ्रेडने (प्रोग्रॅमच्या समांतर धाग्यांनी) किंवा असिंकआयओने (एकाच थ्रेडमध्ये अनेक कामे आळीपाळीने चालवून) होते. पायथनच्या ग्लोबल इंटरप्रिटर लॉकला (एका वेळी एकाच थ्रेडला कोड चालवू देणाऱ्या कुलपाला) येथे दोष देण्यात अर्थ नाही, कारण उत्तराची वाट पाहताना तो लॉक सोडला जातो. तो आड येतो ते निव्वळ आकडेमोडीत. पण असिंकआयओमध्ये एखादी जुन्या पद्धतीची, थांबून राहणारी लायब्ररी चुकून वापरली गेली की पुन्हा सगळेच अडकते, आणि ते का अडकले हे नवख्या विद्यार्थ्याला शोधता येत नाही.

वेगाबद्दल मित्र जे सांगतात ते खरे आहे, पण तुमच्याशी त्याचा संबंध नाही. ४० केंद्रे, प्रत्येकी दिवसाला १४४ नोंदी, म्हणजे दिवसाला ५,७६० नोंदी होतात. सरासरी दर १५ सेकंदांना एक. हे काम कोणत्याही भाषेला जड नाही. वेगासाठी भाषा बदललेली उदाहरणे वाचताना तेथे काय अडत होते ते पाहावे. डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपने आपली एक सेवा गोमधून रस्टमध्ये नेल्याचे २०२० मध्ये सांगितले, कारण त्या सेवेच्या मेमरीत लक्षावधी नोंदींचा साठा होता आणि गोचा गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) दर दोन मिनिटांनी तो सगळा तपासताना उत्तरे उशिरा जात होती. उलट मार्च २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने टाइपस्क्रिप्ट या आपल्या भाषेचा कंपायलर (कोड तपासून त्याचे रूपांतर करणारा प्रोग्रॅम) गोमध्ये आणत असल्याचे जाहीर केले. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या साधनाच्या प्रकल्पाची तपासणी ७७.८ सेकंदांवरून ७.५ सेकंदांवर आल्याचे त्यांनी दाखवले. तेथे रस्ट न घेण्याची कारणेही अभ्यासण्यासारखी होती: जुन्या कोडची बांधणी गार्बेज कलेक्टर गृहीत धरून केलेली होती, त्यातील माहितीची रचना एकमेकींकडे बोट दाखवणारी होती, आणि ती जशीच्या तशी उचलून नेणे गोमध्ये शक्य होते. या दोन्ही निर्णयांत भाषेपेक्षा कामाचा स्वभाव आधी पाहिला गेला.

आता दुसऱ्या तक्रारीकडे येतो, कारण भाषा बदलण्याचे खरे कारण तेथे आहे. सहा गावांत नवी आवृत्ती बसवताना तुमचे दोन दिवस जातात ते पायथनच्या कोडमुळे नव्हे, तर त्याच्या भोवतीच्या गोतावळ्यामुळे. प्रत्येक यंत्रावर पायथनची कोणती आवृत्ती आहे, कोणती पॅकेजे आहेत, त्यांपैकी कोणती त्या प्रोसेसरसाठी तयार मिळतात आणि कोणती तेथेच सी कंपायलरने बांधावी लागतात, हे सारे जुळून यावे लागते. डेबियन या लिनक्स सिस्टीमच्या १२व्या आवृत्तीपासून तर सिस्टीमच्या पायथनमध्ये पिप या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने थेट पॅकेज घालण्यास मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे, कारण त्यातून यंत्रेच्या यंत्रे बिघडत होती. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रत्येक प्रोग्रॅमच्या पॅकेजांचा वेगळा कप्पा) नीट वापरले तर यातले पुष्कळ टळते, हे मान्य आहे. पण मोबाइलच्या एका-दोन रेघांच्या इंटरनेटवर पॅकेजे उतरवत बसणे टळत नाही.

गोमध्ये तुमच्या लॅपटॉपवरच दुसऱ्या यंत्रासाठीची फाइल तयार होते. जीओओएस आणि जीओआर्च या दोन खुणा (कोणती सिस्टीम आणि कोणता प्रोसेसर) दिल्या की कंपायलर ६४ बिटी एआरएम बोर्डासाठी एकच बायनरी, म्हणजे थेट चालणारी फाइल, बनवतो. जुन्या ३२ बिटी बोर्डासाठी तशीच वेगळी फाइल बनवता येते. त्या फाइलीत भाषेचा रनटाइम आणि सगळ्या लायब्ररी बांधलेल्या असतात. ती पेन ड्राइव्हवर घालून एसटीने पाठवली, तरी पलीकडचा माणूस जुनी फाइल बाजूला करून नवी ठेवू शकतो आणि बिनसले तर जुनी परत आणू शकतो. मी जयगडपासून विजयदुर्गापर्यंत बंदरांवर लावलेल्या यंत्रांवर याच पद्धतीने काम केले आहे, आणि या एका गुणापुढे भाषेचे बाकीचे दोष मी सहन करतो. येथे एक खबरदारी घ्यावी लागते. एसक्यूलाइट मूळ सी भाषेत आहे आणि गोमधली तिची सर्वांत प्रचलित लायब्ररी सीजीओच्या (गोला सीच्या कोडशी जोडणाऱ्या सोयीच्या) मार्फत सी कंपायलर मागते; ती घेतलीत तर वर सांगितलेली सोय बरीचशी हातची जाते. त्याऐवजी एसक्यूलाइटचे शुद्ध गोमध्ये रूपांतर केलेली लायब्ररी घ्यावी. ती थोडी संथ आहे, पण १५ सेकंदांना एक नोंद करताना ते जाणवणार नाही.

टिकाऊपणाचाही विचार करा. गो भाषा गूगलमध्ये २००७ साली रॉबर्ट ग्रीसमर, रॉब पाइक आणि केन थॉम्प्सन यांनी सुरू केली, २००९ मध्ये ती जाहीर झाली आणि मार्च २०१२ मध्ये तिची पहिली पक्की आवृत्ती आली. त्याच वेळी जुना कोड पुढच्या आवृत्त्यांतही चालेल असे वचन दिले गेले, आणि ते बऱ्याच अंशी पाळले गेले आहे. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीकडून तिसऱ्या आवृत्तीकडे जाताना २००८ पासून २०२० उजाडेपर्यंत सगळ्यांची जी ओढाताण झाली, ती ज्यांनी अनुभवली त्यांना या वचनाचे मोल कळेल. शिवाय गोमध्ये राखीव शब्द अवघे २५ आहेत आणि कोडची मांडणी गोएफएमटी हे साधन सर्वांची सारखीच करते. तुमचा एक विद्यार्थी शिक्षण संपवून मुंबईला गेला, तर त्याच्या जागी येणाऱ्याला आधीच्याचा कोड परका वाटणार नाही. छोट्या गावात काम करताना हा प्रश्न दरवर्षी समोर येतो.

गोचे दोषही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजेत, आणि तुमच्या कामात त्यातला एक चांगलाच महागात पडू शकतो. गोमध्ये कोणत्याही चलाला किंमत दिली नाही तर ते आपोआप शून्य होते. केंद्राकडून आलेल्या जेसन (नाव आणि किंमत अशा जोड्यांच्या) संदेशात पावसाचा रकानाच नसेल, तर उतरवलेल्या नोंदीत पाऊस शून्य मिलिमीटर दिसतो आणि कसलीही चूक दाखवली जात नाही. तापमान शून्य दिसले तर कोकणात ते अशक्य आहे, हे कोणालाही कळेल. पण पाऊस शून्य असणे आणि पर्जन्यमापकाची तार तुटलेली असणे यांतला फरक मात्र पुसला जातो. मोहोर आलेला असताना अवेळी पाऊस पडला आणि तुमच्या यंत्राने ‘पाऊस नाही’ असे नोंदवले, तर करपा रोगाची सूचना वेळेवर जाणार नाही आणि बागायतदाराची फवारणी चुकेल. पायथनमध्ये ‘नन’ (काहीच नाही) ही वेगळी किंमत असते, पण ती तपासायला विसरलात तर प्रोग्रॅम ऐन वेळी कोसळतो. रस्ट येथे सर्वांत चोख आहे: ‘असू शकेल किंवा नसेल’ असा ऑप्शन प्रकार घेतलात की दोन्ही शक्यतांचा विचार केल्याशिवाय आतला आकडा वापरताच येत नाही. गोमध्ये ही शिस्त तुम्हालाच पाळावी लागेल. मापनाचा प्रत्येक रकाना पॉइंटर (किमतीचा पत्ता, जो रिकामाही राहू शकतो) म्हणून ठेवा किंवा ‘आकडा आणि तो वैध आहे का’ अशी जोडी करा, डेटाबेसमध्ये नसलेली किंमत नल (रिकामी) म्हणूनच जाऊ द्या, आणि हा नियम पहिल्या दिवसापासून लावा. हे काम नंतर करणे फार जड जाते.

चुका हाताळण्याच्या पद्धतीवर गोवर सर्वांत जास्त टीका होते. जवळपास प्रत्येक कॉलनंतर चूक आली का हे वेगळे तपासावे लागते, आणि त्या तीन-तीन ओळींनी कोड भरून जातो. रस्टमध्ये हेच काम एका प्रश्नचिन्हाने होते. गोच्या चमूने जून २०२५ मध्ये जाहीर केले की यासाठी भाषेच्या व्याकरणात बदल करण्याचे प्रयत्न आता थांबवत आहोत, त्यामुळे ही स्थिती बदलेल अशी आशा धरू नये. मला स्वतःला या ओळींचा त्रास होत नाही, कारण केंद्राशी संपर्क तुटणे ही येथे रोजची घटना आहे आणि प्रत्येक ठिकाणी ‘आता काय करायचे’ असा प्रश्न समोर उभा राहणे मला हवेच असते. पण परत आलेली चूक न तपासता टाकून दिली तरी कंपायलर अडवत नाही. त्यासाठी तपासणीचे वेगळे साधन रोजच्या कामात लावावे लागते.

एकाच वेळी अनेक कामे चालवणे गोमध्ये सोपे आहे आणि म्हणूनच चुका करणेही सोपे आहे. काही वर्षांपूर्वी एका बंदरावर लिलावाचे दर होडीमालकांना संदेशाने पाठवण्याचा प्रोग्रॅम मी लिहिला होता. पहिल्याच दिवशी सगळे संदेश यादीतल्या शेवटच्या मालकाच्या फोनवर गेले आणि बाकीच्यांना काहीच मिळाले नाही. लूपमधले चल सगळ्या गोरूटीनमध्ये सामायिक होते. त्या प्रत्यक्ष चालू होईपर्यंत लूप संपून चलात शेवटचे नाव बसलेले होते. चूक माझी होती, पण भाषेने ती होऊ दिली होती. फेब्रुवारी २०२४ मधल्या १.२२ आवृत्तीत हा नियम बदलला आणि आता प्रत्येक फेरीला नवे चल मिळते; मात्र मॉड्यूलच्या फाइलीत १.२२ किंवा पुढची आवृत्ती लिहिलेली असेल तरच. त्याखेरीज दोन गोरूटीननी एकाच मॅपमध्ये, म्हणजे नाव-किंमत जोड्यांच्या साठ्यात, एकाच वेळी लिहिले तर प्रोग्रॅम बंद पडू शकतो. गोमध्ये अशी गफलत, म्हणजे डेटा रेस, शोधणारे साधन आहे. चाचण्या चालवताना ते नेहमी चालू ठेवा. ते फक्त त्या वेळी प्रत्यक्ष घडलेली गफलत पकडते, न घडलेली पकडत नाही. रस्टचा कंपायलर मात्र अशी डेटा रेस असलेला सुरक्षित कोड तयारच होऊ देत नाही, आणि ही त्याची फार मोठी जमेची बाजू आहे.

मग रस्ट का नको? रस्टची पहिली पक्की आवृत्ती मे २०१५ मध्ये आली, डिसेंबर २०२२ मधल्या लिनक्स ६.१ कर्नलमध्ये तिला जागा मिळाली, आणि सी व सी++ मधल्या मेमरीच्या चुका टाळण्यासाठी आज तिच्याइतकी पक्की वाट दुसरी नाही. पण तो लाभ सी आणि सी++ च्या तुलनेत आहे. पायथन किंवा गोमध्ये मेमरी तुम्ही हाताने सोडतच नाही, त्यामुळे त्या जातीच्या बहुतेक चुका तेथे मुळात होत नाहीत. रस्टकडे जाताना तुम्हाला जे जास्तीचे मिळते ते म्हणजे गार्बेज कलेक्टरशिवाय चालणे आणि डेटा रेसपासून संरक्षण. त्यासाठी मालकी आणि उसनवारीचे (मेमरीतली किंमत कोणाची आणि ती कोणी किती काळ वापरायची याचे) नियम अंगवळणी पडण्यात विद्यार्थ्याचे कित्येक महिने जातात, त्यात असिंक रस्ट आले की अवघडपणा आणखी वाढतो, आणि कंपाइल व्हायलाही गोपेक्षा पुष्कळ वेळ लागतो. तुमच्या गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमला गोमध्ये वीस-तीस एमबी मेमरी सहसा पुरते. ऑगस्ट २०२२ च्या १.१९ आवृत्तीपासून मेमरीची मर्यादाही सांगून ठेवता येते. उद्या केंद्राच्या आतल्या मायक्रोकंट्रोलरचा कोड नव्याने लिहायची वेळ आली, तर मी रस्टचा विचार आनंदाने करीन, कारण काही केबी मेमरीच्या त्या चिपवर नेहमीचा गो चालतच नाही आणि तेथे सीची उणीव खरोखर बोचते.

देवनागरी मजकुराचा मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, पण आंब्याच्या पेट्यांवरच्या चिठ्ठ्या याच यंत्रांवरून छापल्या जाणार असतील तर तो येणारच. ‘आंबा’ या शब्दात आपल्याला दोन अक्षरे दिसतात. पायथन आणि जावा त्याची लांबी चार सांगतात, कारण ती आ, अनुस्वार, ब आणि काना असे चार घटक मोजतात; गो आणि रस्ट बारा सांगतात, कारण यूटीएफ-८ (मजकूर बाइटांत साठवण्याची पद्धत) मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. गावाचे नाव वीस बाइटांवर कापले तर सहा घटक पूर्ण राहतात आणि सातवा मध्येच तुटतो. रस्ट अशा ठिकाणी थेट थांबतो, गो गुपचूप तुटलेला मजकूर पुढे पाठवतो आणि चिठ्ठीवर चौकोन उमटतो. पायथन घटक तोडत नाही, पण काना किंवा मात्रा मागे सोडू शकतो. चारही भाषांत कापणी अक्षरसमूहाच्या हिशेबानेच करावी लागते. नावे अकारविल्हे लावतानाही तसेच आहे: यूनिकोडमध्ये (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानकात) ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर असतो, त्यामुळे साधी क्रमवारी चालत नाही आणि मराठीचा क्रम जाणणारी लायब्ररी घ्यावी लागते.

जावाबद्दल थोडक्यात. कार्यालयातला सर्व्हर, हिशेब आणि बँकेशी जोडणी यांसाठी जावा आजही पक्की निवड आहे. सप्टेंबर २०२३ मधल्या २१व्या आवृत्तीपासून तिच्यात व्हर्च्युअल थ्रेड आल्याने हजारो जोडण्या सांभाळणेही सोपे झाले आहे, आणि ती शिकलेली मुले आपल्या जिल्ह्यात सहज मिळतात. ५१२ एमबीच्या यंत्रावर मात्र तिची नेहमीची साधने दाटीवाटी करतात. विश्लेषणासाठी पायथनला पर्याय शोधूच नका. पांडास आणि नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररींच्या तोडीचे गोमध्ये काही नाही, आणि भुरीचा किंवा करप्याचा अंदाज बांधणाऱ्या माणसाला आकड्यांशी खेळायला मोकळीक हवी असते.

काम सुरू करताना सहाही ठिकाणी एकदम बदल करू नका. पावसाळ्यात बागेची कामे कमी असतात, तेव्हा तुम्हाला सर्वांत जवळ पडेल अशा एका गावात नवा गोचा प्रोग्रॅम जुन्याच्या शेजारी चालवा. दोघांनाही त्याच केंद्रांचे संदेश जाऊ द्या आणि रोज संध्याकाळी दोन्हीकडच्या नोंदी मोजा. त्या गावाकडे सात केंद्रे असतील तर दिवसाला १,००८ नोंदी यायला हव्यात. आठवड्यातून दोनदा मुद्दाम वीज तोडा, एखाद्या केंद्राची तार काढून ठेवा, आणि पावसाच्या रकान्यात शून्य येते की नल येते ते स्वतः डोळ्यांनी पाहा. ही मोजणी विद्यार्थ्यांकडूनच करून घ्या. दिवाळीपर्यंत दोन्हीकडचे आकडे जुळत राहिले, तर मोहोर येण्याआधी बाकीची पाच गावे बदलायला तुमच्या हातात पुरेसा वेळ राहतो.